बिनचूक पान

बाईंनी दाखल्यावर सही केली, शिक्का मारला आणि शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली. समोर उभ्या असलेल्या गृहस्थाने तो घडी करून खिशात ठेवला. त्याची बायको आठ महिने बाईंच्या क्लासला येत होती. गुरुवारी दोघं परदेशी चालली होती, कायमची. तिला ताप आला म्हणून आज तो एकटाच आला होता. शेवटच्या धड्याची वही तपासल्याशिवाय बाई दाखला देत नाहीत, हे ठाऊक असल्यामुळे वहीही बरोबर घेऊन आला होता.

बाईंचा क्लास म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली, एक फळा आणि बारा खुर्च्या. तिथे त्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत. त्यातही त्यांचा हातखंडा म्हणजे हमखास गल्लत होणारी क्रियापदं. 'लुक', 'सी' आणि 'वॉच'. 'से' आणि 'टेल'. 'ब्रिंग' आणि 'टेक'. आपलं एका 'बघणे'वर भागतं, तिकडे तीन लागतात. मग माणूस घसरणारच. रोज एक धडा, रोज पाच वाक्यं. वाक्यं गाइडमधली चालणार नाहीत, आपापल्या घरातलीच हवीत, असा बाईंचा दंडक होता. तपासताना मात्र त्या फक्त क्रियापद बघत. लाल पेन ओळीवरून धावायचं, चुकलेल्या क्रियापदाला गोल करायचं, पुढे जायचं. बाकीचं वाचत बसल्या असत्या तर अख्खी दुपार वह्यांतच गेली असती. एका बेकरीवाल्याने आपल्या वाक्यांत वर्षभरात सासूला तीनदा ठार मारलं आणि तीनदा पुन्हा जेवायला बसवलं. वर्ग त्याची वही फिरवून पोट धरून हसायचा, बाईंना पत्ताही नसायचा.

आजही सही करण्याआधी त्यांनी शेवटचं पान असंच झरझर पाहिलं होतं. एकही चूक नव्हती. याच्या बायकोचं नाव बाईंनी 'दारापाशची' असं ठेवलं होतं. ती नेहमी दाराजवळच्या खुर्चीत बसायची आणि तास संपताच सगळ्यांच्या आधी उठायची, कारण नवरा तासभर बाहेर जिन्यातच थांबलेला असायचा. किती जपतो बायकोला, असं बाई चारचौघांत सांगत. पहिल्या महिन्यात तिच्या वहीत लाल शाईचा नुसता सडा पडायचा. तिने एवढी मजल मारलेली बघून बाईंना मनापासून आनंद झाला. त्या आनंदात त्यांनी ते पान पुन्हा समोर ओढलं. पेनाला काम उरलं नव्हतं, म्हणून या वेळी डोळे सबंध ओळीवरून फिरले.

तिने इंग्रजीत लिहिलं होतं, तो मला जेवण आणून देतो आणि किल्ली घेऊन जातो. मी फोनवर बोलते तेव्हा तो माझ्या तोंडाकडे बघत राहतो. मी कुणाशी काही बोलत नाही. तुम्ही माझ्या भावाला सांगा. गुरुवारनंतर मी कुणाला दिसणार नाही.

त्यांनी मागची पानं उलटली. 'राइज' आणि 'रेझ'च्या धड्याला तिने लिहिलं होतं की तो हात उगारतो, मग मला उठता येत नाही. तिथे एका क्रियापदाला गोल होता आणि समासात बाईंच्याच अक्षरात शेरा होता, 'छान प्रगती'. पानंच्या पानं अशीच होती. आठ महिने ती जीव तोडून सांगत होती आणि बाई तिची क्रियापदं दुरुस्त करत बसल्या होत्या. स्वतःची अशी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"काय लिहिलंय हो एवढं?" नवऱ्याने हसत विचारलं. "माझं इंग्रजी म्हणजे सगळा आनंदच आहे."

बाईंना धीर आला. याला वाचता येत नाही, म्हणजे अजून वेळ गेलेली नाही.

"घरातलंच आहे, दुसरं काय असणार?" आवाज होईल तितका रोजचा ठेवत त्या म्हणाल्या. "पण बघा, एक चूक माझ्या नजरेतून सुटली. दाखला द्या इकडे. उद्या तिला पाठवा, थोडा ताप असला तरी चालेल. समोर बसवून समजावून सांगते, मग दाखला परत देते."

आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एका बरोबर क्रियापदाला लाल गोल केला. उद्या ती आली की तिचा हात धरून आतल्या खोलीत न्यायचं, दाराला कडी घालायची आणि पहिला फोन तिच्या भावाला करायचा.

नवरा वाकून तो गोल बघत राहिला. खिशाकडे त्याचा हात गेला नाही.

"हे बरोबर आहे, बाई," तो म्हणाला आणि त्याने वही त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली. "रोज घरी आधी मीच वाचतो. पहिल्या क्लासचे सर सबंध वाक्य वाचायचे, दुसऱ्याच आठवड्यात चौकशीला दारात हजर. मग चार क्लास पालथे घातले, तेव्हा कुठे तुमचं नाव कळलं. लिहून तिला मोकळं वाटतं, आणि तुम्ही फक्त क्रियापदं बघता."