पत्र्याखालचं कोर्ट

“साक्षीदार, पुढे ये!” वकीलबाईंनी टाळी वाजवली. डेल्विना जागची हलली नाही.

बास्केटबॉलच्या मैदानावरच्या पत्र्याखाली खोटं कोर्ट भरलं होतं. जाड्या क्लिफ्टन फरशी पुसायचा मॉप केसांच्या टोपासारखा डोक्यावर घेऊन न्यायाधीश झाला होता आणि पोरंपोरी हसून हसून लोळत होती. ऑस्ट्रेलियातल्या या आडबाजूच्या आदिवासी वस्तीत उद्या खरं कोर्ट विमानाने येणार, म्हणून डार्विन शहरातून आलेल्या हॅरिएट वकीलबाईंनी तरुण मंडळींना कोर्ट शिकवायचा घाट घातला होता. आरोपी मात्र खोटा नव्हता. तो डेल्विनाचा थोरला भाऊ. दुकानाची गाडी पळवल्याचा आळ त्याच्यावर होता. आधीच्या एका भानगडीमुळे या खेपेला दयामाया नव्हती. गुन्हा शाबीत झाला की थेट तुरुंग.

अहो, त्याने गाडी नेलीच नव्हती! त्या दुपारी तो आईच्या व्हरांड्यात तापाने फणफणत पडला होता. आई दवाखान्यात. घरात एकटी डेल्विना. तिनेच दाराच्या फटीतून पाण्याची बाटली बाहेर सरकवली होती, तीही मान वळवून.

वयात आलेल्या बहिणीने भावाचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्या देखत त्याच्याबद्दल बोलायचं तर मुळीच नाही. हा कायदा इथे कुणाला वर्ग भरवून शिकवावा लागत नाही.

“अगं, घाबरतेस काय? त्याचं नाव घे आणि सांग, तो घरी होता. बस्स,” बाई म्हणाल्या.

“कायदा शिकवायला आलीस की मोडायला, गं?” मागून रोझलिन आत्या कडाडली. “पोरीला लाजेने मारतेस का?”

सगळं हसू जागच्या जागी विरलं. बाईंचा चेहरा उतरला, पण त्या हटल्या नाहीत. “आत्या, मध्ये पडदा लावायला सांगते मी.”

“पडद्यातून आवाज जात नाही वाटतं?”

“मग मी काय करू? ही उद्या बोलली नाही तर तो आत जाईल. दुसरा साक्षीदार कुठून आणू?”

 बोलावं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही, गप्प बसावं तर भाऊ हातचा गेला. पळून जावंसं वाटलं, पण पळून जाणार कुठे? सगळा गाव तिच्याकडे बघत होता. तिला एकाएकी रागच आला. चुलीत गेली ती लाज! ती उठली, साक्षीदाराच्या खुर्चीवर भावाकडे पाठ करून बसली आणि तिने तोंड उघडलं.

“बाई, एक विचारू?”

आवाज भावाचा होता. तो आरोपीच्या जागी, टोपी नाकापर्यंत ओढून, खांबाकडे तोंड करून उभा होता.

“आरोपीने आपणहून गुन्हा कबूल केला, तर साक्षीदाराला बोलावतात का?”

बाई एकदम खुलल्या. “शाबास! नाही बोलावत. मग साक्षीची गरजच उरत नाही. बघा रे, याला म्हणतात लक्ष देणं!”

“मग उद्या लिहून घ्या, गाडी मीच नेली,” तो खांबाला म्हणाला. “आणि ती खुर्ची रिकामी करा.”