पाण्यावरचा कण

स्लाइडवर पाच तुकडे होते. नोंदवहीत मात्र आलेल्या तुकड्यांची संख्या तिच्याच अक्षरात ‘चार’ लिहिलेली होती. तिने सूक्ष्मदर्शकाचं भिंग पुसलं आणि पुन्हा मोजले. पाचच.

चार तुकडे अगदी शहाणे होते. जठराच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना खेटून ओळीने उभ्या, प्रत्येकीचं केंद्रक तळाशी, मधे पोकळी ठेवून केलेली गोल रिंगणं, आणि त्याखाली स्नायूंचा पातळ पट्टा. पाचव्यात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. रिंगणं मोडलेली, ओळी उधळलेल्या, आणि पेशी वाट फुटेल तिकडे, थेट स्नायूंत घुसलेल्या. ती काही डॉक्टर नव्हती. पण सव्वीस वर्षं ती या प्रयोगशाळेत माणसांच्या ऊतींचे काप काढून, रंगवून डॉक्टरांच्या टेबलावर पाठवत आली होती. हे काय आहे ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

स्लाइडवर नाव नव्हतं, नुसता नंबर होता. तो तिच्या लेकीचा होता.

प्रयोगशाळेत याचा कुणाला पत्ता नव्हता. लेकीचं आडनाव सासरचं. सांगितलं असतं तर हे काम तिच्या हातातून काढून घेतलं असतं, आणि तेच तिला नको होतं. महिनाभर लेकीला अन्न जात नव्हतं. चार दिवस आराम म्हणून ती माहेरी आली होती. दुर्बिणीच्या तपासणीला निघताना म्हणाली होती, “शेवटी तुझ्याच हातात पडणार मी, आई. जरा पातळ काप हं.”

मग हा पाचवा आला कुठून? तिचं डोकं भराभर चालू लागलं. तपासणीत काढलेले तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे, त्या ठोकळ्याचे काप आधी कोमट पाण्यावर सोडायचे, पसरले की काचेवर उचलून घ्यायचे. एका रुग्णाचं काम झालं की पाण्याचा वरचा थर कागदाने पुसून घ्यायचा. नाहीतर आधीच्याचा एखादा कण तरंगत राहतो आणि पुढच्याच्या काचेवर जाऊन बसतो. लेकीच्या आधीचा ठोकळा एका म्हाताऱ्याचा होता. त्याला जठराचा कर्करोग होता, त्याबद्दल शंकाच नव्हती.

पाणी पुसलं होतं का? पुसलं होतं. तिला कागद उचललेलाही आठवत होता. पण तो सकाळचा कागद असेल. मधेच फोन वाजला असेल, तो तर दिवसभर वाजतच असतो. नसेल पुसलं. म्हाताऱ्याचं दुखणं त्याचं त्यालाच राहू दे, असं मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. तरी ती तडक उठली आणि डॉक्टरांच्या खोलीत गेली.

“डॉक्टर, माझ्याकडून घोळ झालाय. पाणी न पुसताच मी दुसरा ठोकळा कापला. या स्लाइडवर भलत्याच माणसाचा तुकडा आलाय.”

डॉक्टर तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांना ते खरंच वाटेना. “ताई, तुमच्याकडून? हे लेखी द्यावं लागेल. वरच्या जागेसाठी तुमचं नाव गेलंय, ते अडकेल.”

“अडकू दे. कागद द्या.”

तिने लिहून दिलं. झालेल्या चुकीचा असा उत्साह डॉक्टरांनी कधी पाहिला नव्हता. शंका असलेला ठोकळा दुसऱ्या हाताने कापायचा, असा नियम होता. तिचा जोडीदार यंत्रावर बसला. ती त्याच्या मागे उभी राहिली. त्याने भांड्यातलं पाणी बदललं, सुरीचं नवं पातं लावलं. मग काप पाण्यावर पसरले, पण तिने ते मोजले नाहीत. रंगवायला लागणारा वेळ तिने जिन्यात बसून काढला. घरून लेकीचा फोन आला तो तिने उचलला नाही. पुढच्या फोनला आपण हसत बोलू, असं तिने ठरवून टाकलं होतं.

दुपारी डॉक्टरांनी बोलावलं. ते हसत होते. तिचा जीव अर्धा भांड्यात पडला.

“ताई, बालंट टळलं तुमचं. नव्या स्लाइडवरही पाचच आहेत आणि तो खराब तुकडा जागच्या जागी आहे. ठोकळ्यातलाच आहे तो. चारांतला एक मेणात बसवताना मोडला असणार. त्या बाईचं वाईट झालं, जेमतेम तिशीची आहे. पण तुमचं पाणी स्वच्छ होतं.” त्यांनी तिचा कागद दोनदा फाडला आणि टोपलीत टाकला.

“मी पुसलं नव्हतं, डॉक्टर,” ती म्हणाली. “परत बघा. मी खरंच पुसलं नव्हतं.”

तिचा आवाज फुटत होता. प्रामाणिक माणसाला नुसता संशयही किती लागतो, असं डॉक्टरांना वाटलं. त्यांनी उठून तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

“किती लावून घ्याल? आज लवकर घरी जा. लेक आलीये ना माहेरी? तिला सांगा, आईच्या हातून चूक होत नाही.”