सासरचे नाव

"गुरुजी विचारतायत, लग्नात मुलीचं नाव बदलायचं आहे का?" क्षिप्राने फोनवर हात ठेवून आईला विचारलं. "म्हणजे आडनाव ना?"

"आडनाव नाही, नाव. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो."

"असं कोण करतं, यार!" दिल्लीच्या मयूर विहारमध्ये वाढलेली पोरगी ती. तिला हे सगळं नवलाचंच.

"सगळेच करायचे. मी नाही का लग्नाआधी प्रणिता..." वैजयंतीबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, आहेराची यादी टाकली आणि चपला अडकवून निघाल्या. गुरुजी तिकडे फोनवर ताटकळत राहिले.

तेहतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर बाईंच्या मैत्रिणी चारधामला गेल्या. बाई एका खुनाच्या मागे लागल्या. खूनही ताजा नव्हे, १९५९ सालचा. दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारे अण्णासाहेब नावाचे मराठी अधिकारी सकाळचा चहा पिऊन मेले. चहात विष होतं. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून घरकामाला गावाहून लांबच्या नात्यातली एक अनाथ पोर आणली होती. चंद्रप्रभा तिचं नाव, वय सतरा. चहा तिनेच केला होता, आणि त्याच सकाळी ती नाहीशी झाली. पोलिसांनी दिल्ली पालथी घातली, तिचं गाव पालथं घातलं. चंद्रप्रभा सापडली नाही ती नाहीच.

बाईंनीही सहा वर्षं जुनी वर्तमानपत्रं आणि मृत्यूच्या नोंदी उपसल्या. शेवटी निष्कर्ष काढला की खुनी कुणी तिसराच होता. पोरीने त्याला पाहिलं, म्हणून त्याने तिलाही संपवलं. हाताशी पैसा नाही, हिंदीचं अक्षर येत नाही, अशी मुलगी या शहरात जिवंत राहणार कशी? पुस्तक तिथेच संपवलं होतं. प्रत्येक प्रकरण लिहून झालं की दिल्लीतल्याच द्वारकेच्या इंदुमतीकाकूंना फोनवर वाचून दाखवायचं, हा बाईंचा नेम होता. काकू त्र्याऐंशीच्या, मराठी मंडळाच्या सर्वांत जुन्या सभासद. ऐकताना मध्ये चकार शब्द काढायच्या नाहीत. सोमवारी हस्तलिखित प्रकाशकाकडे जायचं होतं.

आज बाईंनी मंडळाच्या कपाटातून लग्नांच्या जुन्या वह्या काढायला लावल्या. मेलेली मुलगी शोधत होत्या, तेव्हा या वह्यांना त्यांनी कधी हातच लावला नव्हता. फेब्रुवारी १९६० च्या पानावर नोंद होती. वधू, चंद्रप्रभा. वर, खंडेराव. साक्षीदार म्हणून मंडळातल्या चार बायकांच्या सह्या. आणि शेवटचा रकाना, सासरचे नाव. त्यात लिहिलं होतं, इंदुमती.

खंडेराव म्हणजे काकूंचे यजमान. जाऊन दहा वर्षं झाली. बाईंनी मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढला. कोडं सुटलं म्हणून त्यांना आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

मेट्रोने द्वारका गाठायला तासभर लागतो. तेवढ्या वेळात बाईंनी ठरवून टाकलं. पुस्तक गाजलं असतं, सहा वर्षांचं चीज झालं असतं. पण काकूंचा मुलगा गौरव मोठ्या हुद्द्यावरून नुकताच निवृत्त झालेला, घरात नातसुना. त्या घरावर आपण धोंडा टाकायचा नाही.

काकू बाल्कनीत मटार सोलत बसल्या होत्या. बाईंनी वहीच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो त्यांच्यापुढे धरला. काकूंनी चष्मा लावून तो सावकाश वाचला.

"मी शेवटचं प्रकरण बदलत नाही, काकू," बाई घाईघाईने म्हणाल्या. "ती मुलगी मेली, असंच राहू दे. तुम्ही निर्धास्त राहा. कुणाला काही कळणार नाही."

काकूंनी मटारचं ताट बाजूला सारलं. बाईंना वाटलं, आता रडतील. काकू चिडल्या.

"सहा वर्षं फोन कानाला लावून बसतेय. दर वेळी वाटायचं, आता सापडेन मी हिला. आणि तू मला मारूनच मोकळी झालीस! आता सापडले तरी मेलेलीच ठेवतेस?"

"मग तुम्ही स्वतःच का नाही सांगितलंत?"

"तोंड उघडायचा धीर झाला नाही. त्या चार बायकांनी लपवलं, लग्न लावून दिलं, आणि मरेपर्यंत अवाक्षर काढलं नाही. यांनाही सगळं ठाऊक होतं. त्यांच्याकडूनच गप्प राहायला शिकले." काकूंनी मटारचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. "चहात मीच घातलं. माझ्या खोलीला आतून कडी नव्हती. एवढं लिही. बाकीचं बायकांना बरोब्बर कळेल."

"आणि गौरव?"

"त्याला आज मी सांगते. साठी उलटली त्याची, पेलेल. तू फक्त इंदुमतीचं नाव घालू नकोस. इंदुमतीने संसार केला. जीव वाचवला तो त्या सतरा वर्षांच्या पोरीने."

बाईंनी आपली टिपणांची वही उघडली, पण पेन चालेना. डोळे भरून आले होते.

"लिहिशील मग सावकाश," काकू म्हणाल्या. "आधी तिच्या नावाने मला एकदा हाक तर मार."

वर्गात तेहतीस वर्षं हजेरी घेतली, त्याच आवाजात बाईंनी ते एक नाव घेतलं.

"चंद्रप्रभा."

"ओ," काकू म्हणाल्या.