पांढऱ्या तबकडीचे दिवस

"बाबू, आज कोनती घडी?"

आरमोरीकडच्या रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडणाऱ्या बायका रोज सकाळी हरिदासला आधी हेच विचारत. हरिदास हजेरीचं मस्टर भरायचा आणि संध्याकाळी घड्याळ बघून सुट्टी द्यायचा. पेन उघडण्याआधी तो बाही मागे सारून मनगट दाखवायचा. चाबीची सात जुनी घड्याळं त्यानं हौसेनं जमवली होती. घरात त्यांचं कुणाला कौतुक नव्हतं. इथं पंचवीस बायका माना उंचावून बघत. त्याला बरं वाटायचं.

त्या दिवशी पांढऱ्या तबकडीचं होतं, त्याचं सगळ्यांत लाडकं. चंद्रपूरच्या घड्याळवाल्या कय्यूमभाईनं देतानाच सांगितलं होतं, "भाऊ, चीज खानदानी है, पन सुस्त हाये. सकाळी मिळवली तं संध्याकाळपर्यंत अर्धा घंटा मागं पडन." हरिदास हसला होता. सकाळी रेडिओवर मिळवून घेतलं की झालं.

ऊन कलल्यावर बांधावरून एक म्हातारी आली. कडेवर तान्हं पोर. गिट्टी फोडणाऱ्या रुखमाची सासू, गिरजाबाई.

"एवढ्या उन्हात लेकराले काऊन आनलं, बाई?" हरिदासनं विचारलं.

"आज पांढरी घडी हाये नं!"

त्याला कळलं नाही.

"पांढऱ्या घडीले सुट्टी उशिरा होते," म्हातारी सरळपणे म्हणाली. "रुखमा घरी येयेपर्यंत लेकरू रडून रडून निळं पडते. मंग मीच घेऊन येतो. काळी असली का नाई येत. कोनती घडी हाये, सकाळीच निरोप येते."

हातोड्यांचे आवाज थांबले. रुखमा खाली मान घालून बसली. सगळ्यांत वडील सोमारी, ती घाईनं म्हणाली, "काई नाई, बाबू. म्हातारं मानूस हाये, बोलते."

"तुमाले माहीत होतं?"

"सावलीवरून समजते नं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

सोमारी थोडी घुटमळली. "किती हौसेनं घालता तुमी. म्हटलं, वाईट वाटन."

हरिदासचे कान तापले. त्यानं बाही खाली ओढली, मनगटाच्याही पुढे. "जा घरी," असं तो पुटपुटला, पण कुणी उठेना. शेवटी त्याला मोठ्यानं सांगावं लागलं. बायका टोपल्या उचलून गेल्या. जाताना एकीनंही त्याच्याकडे पाहिलं नाही. तेवढी दया त्यांनी केली.

रात्री त्यानं सातही घड्याळं पेटीत घातली.

दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हातानं आला. सकाळी कुणी काही विचारलं नाही. आता सावलीवरून ह्या आपणच उठतील, असं त्यानं मनाशी धरलं होतं. सांगण्याचं तोंड त्याला नव्हतं. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं. रस्त्यावरची सावली लांबत पार नाल्यापर्यंत पोचली. हातोडे चालूच होते.

अखेर रुखमा उठून आली. पोलक्याचा पुढचा भाग दुधानं भिजला होता. तिनं पदर ओढून घेतला आणि त्याच्या उघड्या मनगटाकडे बघत हळूच म्हणाली,

"बाबू, घडी होती तं अर्धाच घंटा उशीर होता. आज किती हाये?"