स्पॅनिश हॉटेलातला बघण्याचा कार्यक्रम

"हे काय, भात कच्चाच आहे!" फानबाईंनी चमचा खाली ठेवला.

"स्पेनमध्ये असाच खातात, आई." वेनवेनने मान वर केली नाही.

शांघायच्या या स्पॅनिश हॉटेलात जेवायचं फानबाईंनीच ठरवलं होतं. पहिल्या भेटीला नूडल्सचं दुकान बरं दिसलं नसतं. समोर पेईदादा आणि त्यांचा मुलगा हाओरान बसले होते. लग्नाच्या मुलामुलींची माहिती छत्रीवर चिकटवून आईबाप ज्या बागेत बसतात, तिथे एका रविवारी पेईदादांनी फानबाईंच्या शेजारी छत्री उघडली आणि बोलणं जमलं.

वेनवेन चौतिशीची. बाबा गेल्यापासून घरात मायलेकी दोघीच. तिने आणलेलं प्रत्येक स्थळ फानबाईंनी नाकारलं होतं. शेवटच्याचं तर नावही ऐकून घेतलं नव्हतं. "आन्हुईचा? त्या दरिद्री प्रांतातला? त्याच्याशी लग्न केलंस तर मी मेले समज."

पेईदादाही आन्हुईचेच निघाले. पण हे स्थळ फानबाईंनी स्वतः शोधलेलं होतं.

"तुम्हाला काय आवडतं?" हाओरानने विचारलं.

"शांतता," वेनवेन म्हणाली.

फानबाईंनी टेबलाखालून तिला पायाने ढोसलं.

"आमचाही असाच आहे हो, ताई," पेईदादा हसले. "यायलाच तयार नव्हता. ओढून आणलाय."

हाओरानने भाताचं तसराळं फिरवलं आणि कोळंबी सगळी आपल्या ताटात ओढली. वेनवेनच्या बाजूला नुसतं चिकन उरलं. खादाड आहे, फानबाईंच्या मनात आलं. असू दे. खाणारा माणूस घर धरून राहतो.

परतताना मेट्रोत त्यांनी विषय काढला.

"मुलगा चांगला आहे."

"शिष्ट आहे."

"आणि तू कोण मोठी गोड लागून गेलीस? एकदा भेट. मी काही कायमची पुरणार नाही तुला."

वेनवेनने दारावरची स्टेशनांची यादी वाचून काढली. मग म्हणाली, "एकदाच. तुझ्या हट्टापायी."

फानबाईंनी तोंड दुसरीकडे वळवलं आणि हळूच डोळे पुसले.

वेनवेनने मोबाईल काढला आणि हाओरानला लिहिलं, "जमलं, नवरोबा. छत्रीची युक्ती लागू पडली, तुझ्या बाबांना सांग. आता महिनाभर आढेवेढे घे. आणि रजिस्टर लग्नाला उशीर केलास, या लग्नाला तरी वेळेवर ये."