अर्धा पगार सरकारचा

वर्षभर घरी बसलेल्या फिटरला मालकाने स्वतः फोन करून बोलावलं. बेकार माणसाला कामावर घेतलं, की पहिले काही महिने त्याचा अर्धा पगार सरकार देणार होतं. फिटर हरखून गेला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात येऊन त्याने आपल्या जुन्या मशीनवरून हात फिरवला, तोच बायकोचा धाकटा भाऊ लोखंडी सळई घेऊन त्याच्यावर धावून आला.

"दाजी, माझ्याच पोटावर पाय दिलात! तुम्हाला घ्यायला काल मला हाकललं त्यांनी!"

"अरे, मला काय माहीत..."

सळई खांद्यावर बसली आणि हाड कडकन मोडलं. फिटरच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसरा घाव डोक्यावर येताना दिसला, तसा त्याने हाताला लागलेला पाना मेहुण्याच्या तोंडावर हाणला. दात उडाले. दोघं तेलात आणि रक्तात लोळत राहिले. इतर कामगारांनी कसंबसं त्यांना सोडवलं.

मालक धावत आला. त्याने पोलिसांना बोलावलं नाही. मेहुण्याच्या तोंडाला आपला रुमाल लावून तो समजुतीने म्हणाला,


"वेड्या, चिडतोस कशाला? तूही थोडे दिवस बेकार राहा. याचे सरकारी पैसे संपले, की याला काढतो आणि तुलाच घेतो."