फळ्यावरचे अकरा

पडद्यावरचं जुन्या सामन्याचं चित्र जेमतेम दिसलं आणि विझलं.

"मांडा," कोच पोल्क म्हणाले. "समोरच्यांच्या बचावातला कोण कुठे उभा होता? आणि चेंडू तुमच्या हातात असता तर कुठे फेकला असता? यात जो सरस ठरेल तोच शनिवारी क्वार्टरबॅक म्हणून चेंडू फेकेल."

गॅरेट लिंडक्विस्टनं लोखंडी फळ्यावर चुंबकाच्या सोंगट्या भराभर लावायला घेतल्या. ओहायोच्या या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात तो आल्यापासून राखीव म्हणून बाकावर बसून होता आणि हा त्याचा शेवटचा मोसम होता. दंडात पूर्वीचा जोर राहिला नव्हता, हे इतरांच्या आधी त्यालाच कळलं होतं. उरली होती ती अक्कल. सगळा उन्हाळा त्यानं शनिवारच्या प्रतिस्पर्ध्यांचे जुने सामने पाहण्यात घालवला होता. मैत्रीण सोडून चालल्याचं सांगत होती, तेव्हाही त्या भल्या माणसानं सामना थांबवला नव्हता.

शेजारच्या फळ्यापाशी टेव्हियन मेरिट होता. पहिल्या वर्षाचं पोर, हातात तोफ आणि अभ्यासाच्या नावानं आनंदीआनंद.

"म्हातारबा, तुला झोपेत पण हेच दिसतं का रे?" तो कुजबुजला.

"तू जागेपणी तरी बघत जा."

गॅरेट पुढची सोंगटी लावत होता. देवा, एवढं एकदाच, तो मनात म्हणत होता. नंतर काही मागणार नाही.

"बस झालं," कोच म्हणाले.

गॅरेटनं शेवटची सोंगटी मागे, बरोब्बर मधोमध लावली. "हा त्यांचा सगळ्यात मागचा राखणदार. तो कायम इथेच असतो. म्हणून मी मध्ये फेकणारच नाही. कडेला, आखूड पास."

टेव्हियनच्या मुठीत एक सोंगटी उरली होती. ती दिसली आणि गॅरेटच्या जिवात जीव आला. पहिल्यांदाच त्याला त्या पोराची कीव आली.

"मी मधोमध लांब फेकला असता," टेव्हियन म्हणाला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. "पण कोच, अकरावा कुठे गेला तेच सापडत नाहीये. शपथ सांगतो. अंदाजानं लावू का कुठेतरी?"

"नको." कोचनी चित्र पुन्हा लावलं आणि तिथेच थांबवलं. "त्या दिवशी बदली करायच्या गडबडीत त्यांनी एक माणूस मैदानात पाठवलाच नव्हता. मोजा. दहाच आहेत."

टेव्हियन मटकन खुर्चीत बसला आणि हसू लागला.

गॅरेट पडद्याजवळ गेला. मधल्या मोकळ्या हिरवळीवर त्यानं बोट टेकवलं.

"नाही कोच," तो काकुळतीनं म्हणाला, "मी बघितलं ना त्याला. इथेच उभा होता."